वाळले आहे, हे कोणी ठरवायचे?

स्मरणिकेसाठी वसतिगृहातील आठवणी लिहून पाठवाव्यात, असे संपादक मंडळाचे पत्र आले. आठवणी पुष्कळ आहेत. पहाटेची घंटा, हौदावरची थंडगार अंघोळ, एका दिव्याखाली दाटीवाटीने चाललेला अभ्यास, हे सारे माझ्याहून चांगले लिहिणारे माजी विद्यार्थी आपल्यात आहेत. मी पुढे आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले आणि त्यातील बराच काळ प्रयोगशाळेची जबाबदारी सांभाळली. म्हणून आठवणींऐवजी एका साध्या, पण जिवाशी संबंध असलेल्या प्रश्नावर माझे मत मांडण्याची परवानगी मी मागितली. प्रश्न असा आहे : प्रयोगशाळेतील विजेवर तापणारे उपकरण पाण्याने भिजले, तर ते वाळवायचे कसे, आणि ते वाळले आहे हे कोणी ठरवायचे?

संस्थेच्या गौरवग्रंथात हा विषय काहींना किरकोळ वाटेल. परंतु या स्मरणिकेचे वाचक कोण आहेत, याचा विचार करावा. ज्यांची मुले रोज प्रयोगशाळेच्या टेबलाशी उभी राहतात, असे पालक ती वाचतात. ज्यांच्या वर्गणीतून उपकरणे येतात, असे माजी विद्यार्थी आणि समाजबांधव ती वाचतात. या विषयाशी त्यांच्याइतका जवळचा संबंध दुसऱ्या कोणाचा असणार?

आधी माझी चूक सांगतो. नोकरीचे दुसरे वर्ष होते. प्रयोगशाळेचे छप्पर कौलारू होते आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ते एका कोपऱ्यात गळले. सकाळी येऊन पाहतो तो टेबलावरच्या हॉट प्लेटवर रात्रभर पाणी ठिबकलेले. अकरा वाजता विद्यार्थ्यांची तुकडी प्रात्यक्षिकाला यायची होती. मी हॉट प्लेट तिरपी करून पाणी ओतून टाकले, वरून फडक्याने पुसली आणि प्रयोगशाळेतील परिचरांना, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू, सांगितले, “मामा, लावा. तापली की दहा मिनिटांत आपोआप वाळेल.” मामांनी प्लग बसवला, बटण दाबले आणि हॉट प्लेट टेबलावर नीट सरकवण्यासाठी तिच्या कडेला हात लावला. पुढच्या क्षणी ते मागच्या कपाटावर आदळून खाली पडले होते. प्रसंगावधान राखून एका विद्यार्थ्याने बटण बंद केले.

मामा वाचले. तळहात भाजला होता, आणि दंडातली कळ बरेच दिवस गेली नाही. नंतर पाहिले तेव्हा कळले की, सॉकेटचे अर्थिंगचे भोक झिजल्यामुळे कोणीतरी त्या हॉट प्लेटला दोन पिनांचा प्लग बसवला होता. ‘कोणीतरी’ म्हणतो खरा, पण तो प्लग आम्ही सर्वांनी रोज पाहिलेला होता. संध्याकाळी मी मामांच्या घरी गेलो. त्यांनी चहा करायला सांगितला आणि शांतपणे म्हणाले, “सर, तुम्ही सांगितलंत म्हणून बटण दाबलं.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपे गेले असते.

त्या दिवशी नेमके काय घडले, हे पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला आधी ठाऊक असायला हवे होते. बहुतेक तापक उपकरणांत नायक्रोमच्या तारेचे वेटोळे धातूच्या नळीत बसवलेले असते, आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी दाबून भरलेली असते. ही भुकटी उष्णता वाहून नेते, पण वीज अडवते. म्हणूनच आतली तार २३० व्होल्टवर असूनही बाहेरच्या नळीला हात लागला तर काही होत नाही. परंतु या भुकटीचा एक दुर्गुण आहे. ती आर्द्रता शोषून घेते. नळीच्या टोकांशी असलेले बूच जुने झाले, तडकले, की पाणी आत शिरते आणि कालपर्यंत वीज अडवणारी भुकटी आज तिला वाट करून देते. वरचा पत्रा कोरडा ठणठणीत दिसतो, हाताला ओल लागत नाही, आणि तरीही उपकरणाचा सारा सांगाडा विजेने भारलेला असू शकतो. ओल कुठे आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. आणि हाताने पाहायला जावे, तर ती परीक्षा हातालाच भोवते.

अशा वेळी भिंतीवरचा एमसीबी आपल्याला वाचवील, असा अनेकांचा समज असतो. साधे गणित करून पाहावे. ओल्या त्वचेच्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्टला अशा शरीरातून ०.२३ अँपिअर विद्युतधारा वाहते. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने ही धारा नगण्य, तिच्या मर्यादेच्या सत्तराव्या भागाएवढी आहे. तो जागचा हलणारही नाही. माणसाच्या हृदयाची लय बिघडायला मात्र याच्या निम्म्याहून कमी धारा पुरते. एमसीबी असतो तारांच्या रक्षणासाठी. माणसाच्या रक्षणासाठी आरसीसीबी लागतो, जो ३० मिलिअँपिअरची गळती झाली की क्षणात पुरवठा तोडतो, आणि त्याच्या जोडीला धड अर्थिंग लागते. आमच्या प्रयोगशाळेत पहिला नव्हता, आणि दुसरे दोन पिनांच्या प्लगने निकामी केले होते.

‘तापवले की वाळेल’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. उपकरण तापण्यासाठीच तर बनवले आहे! पण वाळण्याआधी ते विजेला जोडावे लागते, आणि ज्या क्षणी ते सर्वांत ओले असते, त्याच क्षणी त्यात पूर्ण दाबाची वीज सोडली जाते. शिवाय, पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १६०० पट होते. नळीत अडकलेल्या थोड्याशा पाण्याला एकाएकी पूर्ण उष्णता मिळाली, तर नळी फुगते, बूच उडते, कधी नळी उलते. जी वाफ बाहेर पडत नाही, ती तप्त भागाकडून थंड टोकांकडे सरकते आणि तिथे तिचे पुन्हा पाणी होते. तारांची जोडणी नेमकी त्याच टोकांशी असते. म्हणजे आपण ओल घालवत नाही, सर्वांत नाजूक जागी गोळा करतो.

यावर दोन आक्षेप मी वारंवार ऐकले आहेत आणि दोन्हींत तथ्याचा अंश आहे. पहिला कारखान्यात काम केलेल्या मित्रांचा. ते सांगतात की, उद्योगात ओल धरलेले तापक अंग कमी दाबाची वीज देऊन त्याच्याच उष्णतेने वाळवण्याची पद्धत आहे. खरे आहे. पण तिथे दाब कमी करण्याची सोय असते, धातूचे अंग अर्थिंगला पक्के जोडलेले असते, मधूनमधून मोजमाप होते आणि कोणी त्याला हात लावत नाही. आपण शाळेत यातले काहीच करत नाही. थेट २३० व्होल्टचे बटण दाबतो आणि त्यालाच पद्धत म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. “सर, आपली संस्था गरीब. वर्गणीतून घेतलेली वस्तू टाकून कशी द्यायची? आणि मुलांचे प्रात्यक्षिक बुडवायचे का?” हा प्रश्न विचारणाऱ्याची कळकळ मला कळते. एकेक पेन्सिल पुरवून वापरण्याची सवय आपल्याला याच वसतिगृहाने लावली आणि तिचा मला अभिमान आहे. परंतु काटकसर वस्तूंची करायची असते. इथे आपण वस्तू वाचवण्यासाठी माणूस पणाला लावतो, आणि तो माणूस बहुधा सर्वांत कमी पगाराचा, ‘नाही’ म्हणण्याची सर्वांत कमी मोकळीक असलेला असतो. प्राचार्य प्लग लावत नाहीत. मीही लावला नव्हता. ज्यांनी शतकानुशतके दुसऱ्यांच्या वाट्याची धोक्याची कामे केली, त्यांच्या लेकरांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेत तरी ही वाटणी आपण डोळे उघडे ठेवून तपासायला हवी.

शिवाय, धीर धरला तर पुष्कळ उपकरणे वाचतात. म्हणून योग्य रीत कोणती, तेही सांगतो.

पहिली गोष्ट वीज तोडण्याची. जमीन किंवा सॉकेट ओले असेल, तर प्लगला हात न लावता कोरड्या जागेवरून मेन स्विच बंद करावा आणि मगच प्लग काढावा. उपकरणावर ‘ओले आहे, लावू नये’ अशी चिठ्ठी बांधावी आणि शक्य तर प्लग कुलूपबंद करावा, कारण सकाळच्या पाळीतील शिक्षकांना रात्रीची हकिगत ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट धुण्याची. भिजलेली वस्तू पुन्हा धुवायची, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. शुद्ध पाणी विजेचे फारसे चांगले वाहक नाही; वीज वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. पुराचे किंवा सांडलेल्या द्रावणाचे पाणी उडून जाते, पण क्षार आणि गाळ मागे राहतात. तो थर हवेतील दमटपणा ओढून घेतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गळती सुरू होते. म्हणून वीज तोडलेल्या अवस्थेत जाणत्या तंत्रज्ञाकडून झाकणे उघडवावीत, जोडणीचे छायाचित्र काढून ठेवावे, घाण स्वच्छ पाण्याने काढावी आणि शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा फिरवावा.

तिसरी गोष्ट वाळवण्याची, आणि तिला वेळ लागतो. आपल्याकडे उपकरणे भिजतात ती पावसाळ्यात, आणि तेव्हा बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. अशा हवेत पंख्याखाली ठेवलेले उपकरण आठवडाभर ओलेच राहते. इथे विज्ञान आपल्या मदतीला येते. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प सामावते. तीच हवा ५० अंशांना तापवली तर सुमारे ८३ ग्रॅम. म्हणजे हवा थोडी कोमट केली आणि ती बाहेर पडायला वाट ठेवली, की ओल ती बरोबर घेऊन जाते. गावोगावी मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवणारे कारागीर भिजलेली मोटार पेटीत ठेवून आत विजेचे बल्ब लावतात, त्यामागचे तत्त्व हेच. झाकणे काढलेले उपकरण अशा कोमट, खेळत्या हवेत दोन-तीन दिवस ठेवावे. तापक अंग सुटे करता येत असेल, तर तंत्रज्ञाने ते दुसऱ्या चांगल्या भट्टीत १०० ते १२० अंशांवर काही तास ठेवावे. प्लास्टिकचे भाग मात्र इतक्या उष्णतेत ठेवू नयेत.

चौथी गोष्ट मोजण्याची, आणि माझ्या शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर इथे आहे. वाळले आहे, हे शिक्षकांनी, परिचरांनी किंवा वेळापत्रकाने ठरवायचे नाही; ते मेगरने ठरवायचे. मेगर हे विद्युतरोधन तपासण्याचे यंत्र. जिवंत आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र जोडून त्या आणि अर्थिंग यांच्या दरम्यान ५०० व्होल्टचा एकदिश दाब देऊन रोध मोजतात. उपकरणाचे बटण चालू आणि थर्मोस्टॅट वरच्या टोकाला ठेवतात, नाहीतर तापक अंग मोजणीत येतच नाही. किमान एक मेगओहम हवाच; चांगल्या उपकरणात याहून कितीतरी जास्त येतो. एका दिवसाने पुन्हा मोजावे. आकडा उतरला, तर ओल अजून आत आहे. खिशातला मल्टिमीटर या कामाला पुरत नाही. त्याच्या बॅटरीच्या क्षीण दाबाला जी वाट बंद दिसते, ती मोठ्या दाबाला उघडी सापडते. त्याच वेळी प्लगची अर्थिंगची पिन आणि उपकरणाचा पत्रा यांच्यातील रोधही पाहावा. तो जवळजवळ शून्य असला पाहिजे.

त्यानंतर आरसीसीबी असलेल्या सॉकेटवर, सर्वांत कमी तापमानावर, कोणीही हात न लावता तासभर चालवून पाहावे, आणि मग हळूहळू तापमान वाढवावे.

काही वस्तूंचा मोह मात्र सोडावा लागतो. गोल बुडाच्या चंबूखाली वापरतात त्या हीटिंग मँटलमध्ये तार काचतंतूंच्या कापडात विणलेली असते. त्यात रसायन सांडून भिनले असेल, तर ते धुऊन निघेल याचा भरवसा नसतो. तो मँटल बाद करावा. गरम हवेच्या ओव्हनच्या दुहेरी भिंतींत भरलेली काचलोकर पाणी धरून ठेवते. ती बदलल्याखेरीज ओव्हन वाळत नाही. फार जुन्या ओव्हनमध्ये अॅस्बेस्टॉसही असू शकते. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असल्याने असा ओव्हन शाळेत उघडूच नये. मफल फर्नेसच्या विटा पाणी पितात. त्या घाईने तापवल्या तर तडकतात. आणि पाण्यात बुडालेला थर्मोस्टॅट बदलावाच. त्याची टोके गंजून एकमेकांना चिकटली, तर तापमान वाढत जाते आणि थांबवणारे कोणी नसते. शॉकमधून वाचलेले उपकरण मग आगीचे कारण होते.

हे सारे अपवादात्मक आहे, असे कोणी समजू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण पाण्याखाली नेले. शाळांच्या प्रयोगशाळा तर बहुधा तळमजल्यावर असतात. आणि पूर नसला तरी गळके छप्पर, फुटलेला नळ, उघडी राहिलेली तोटी, कलंडलेले चंचुपात्र यांना ऋतू लागत नाही. फेब्रुवारीत बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर असताना नळ फुटला, तर आपण तीन दिवस थांबणार आहोत का? याचे उत्तर त्या सकाळी देता येत नाही. ते आधीच लिहून ठेवावे लागते.

म्हणून संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे मी चार गोष्टी ठेवतो. प्रयोगशाळेच्या प्रत्येक टेबलाला आरसीसीबीचे संरक्षण असावे आणि अर्थिंगची तपासणी दर वर्षी पावसाळ्यापूर्वी व्हावी. एक मेगर विकत घ्यावा. साध्या मेगरची किंमत एका चांगल्या ओव्हनपेक्षा कमीच असते. भिजलेले उपकरण मोजमापाची नोंद झाल्याशिवाय चालू करायचे नाही, असा लेखी नियम भिंतीवर लावावा. आणि चौथी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : ‘हे उपकरण मी लावणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार परिचरांना लेखी द्यावा, आणि तसे म्हटल्याबद्दल त्यांना कोणी जाब विचारू नये.

माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती आहे. आपण देणगी देतो, तेव्हा नव्या उपकरणावर आईवडिलांच्या नावाची पाटी लागावी अशी आपली इच्छा असते, आणि ती स्वाभाविकच आहे. पण अर्थिंगच्या खड्ड्यावर कोणाची पाटी लागत नाही. बदललेल्या थर्मोस्टॅटवर, छपराच्या नव्या कौलांवर लागत नाही. पुढच्या वर्षी देणगीचा काही भाग देखभालीसाठी म्हणून वेगळा काढून द्यावा. पालकांनीही मुलाला प्रयोगशाळेत काय शिकवले हे विचारताना, तिथला प्लग तीन पिनांचा आहे का, हेही एकदा विचारावे.

त्या प्रसंगानंतर माझ्या प्रयोगशाळेत भिजलेले उपकरण मी कधीही कोणाला लावायला सांगितले नाही. तीन दिवस थांबलो, प्रात्यक्षिक पुढे ढकलले, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. एकदा विद्यार्थ्यांसमोर मेगर लावला तेव्हा आकडा हळूहळू चढत गेला, आणि एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे पाणी बाहेर येतंय ते आपल्याला असं दिसतंय का?” बुडालेल्या तासाची भरपाई त्या एका प्रश्नाने केली. मामा सेवानिवृत्त होईपर्यंत माझ्याच प्रयोगशाळेत होते. पुढे मेगरचा आकडा वहीत लिहिण्याचे काम मी त्यांच्याकडे दिले, आणि तो पुरेसा आहे की नाही, हे ते सांगेपर्यंत मी बटणाला हात लावत नसे.